गावाकडची माणसं डॉक्टरकडे न जाता मेडिकलमधूनच गोळ्या का घेतात?

तुम्ही पुण्यात, वडील गावी, आणि ताप असो की अंगदुखी, ते चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून गोळ्या आणून घेतात. हा निव्वळ अडाणीपणा नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी फार्मासिस्ट आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर, गेली एकोणीस वर्षं माझं मेडिकल आहे. अडाणीपणा हे उत्तर मला पटत नाही. काउंटरवर येणारा माणूस बहुतेक वेळा नीट हिशेब करून आलेला असतो.

या हंगामातलीच एक गोष्ट सांगतो. कारखान्याचं बॉयलर पेटलं की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आमच्या भागात उतरतात. संध्याकाळी सात-साडेसातला फडावरून परतताना एक बाई आल्या. वय असेल पस्तीसच्या आसपास. पदराची गाठ सोडून वीसची नोट काढली आणि म्हणाल्या, "दादा, अंगदुखीच्या चार द्या. मागच्यावाणी." मी विचारलं, रोज घेता का? "रोज दोन. त्याबिगर कोयता उचलत न्हाई." पायाकडे बघितलं तर घोट्यापाशी सूज होती, चपलेचा पट्टा रुतला होता.

त्यांना हवी होती ती डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी. चार दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. महिनोन् महिने रोज घेतली तर जठराला जखमा होतात, बीपी चढतं, किडनीवर भार येतो, अंगात पाणी साठतं. त्यात ही माणसं दिवसभर उन्हात राबणारी, पाणी कमी पिणारी, म्हणजे किडनीला आणखी त्रास. मी म्हटलं, ग्रामीण रुग्णालयात दाखवा, पैसे लागत नाहीत. तेही खरंच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाई म्हणाल्या, "फुकट हाय, पण खाडा पडतो."

तुमच्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर या एका शब्दात आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशेबात एक कोयता. एकाचा खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर मुकादम दंड लावून तो उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवर चढवतो. दवाखान्याच्या रांगेत सकाळ जाणार आणि फड तर पहाटेच सुरू झालेला असतो. गोळी वीस रुपयांत येते आणि उद्याचा दिवस वाचवते. त्या बाईंच्या जागी मी असतो तर मीही गोळीच घेतली असती. हमाल, रिक्षावाले, कांदा लावायला जाणाऱ्या बायका, दुसऱ्याच्या दुकानात कामाला असलेली पोरं, सगळ्यांचं गणित थोड्याफार फरकाने हेच. डॉक्टरांची फी त्यानंतर येते.

दुसरं कारण लाजेचं आहे, आणि ते शिकल्या-सवरलेल्यांनाही सुटलेलं नाही. दुकानात गर्दी असली की काही माणसं बाजूला उभी राहतात, गर्दी पांगल्यावर पुढे येतात आणि हळू आवाजात "ती खाजेची ट्यूब" मागतात. जांघेत गजकर्ण झालेलं असतं. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे कपडे काढायचे, म्हणून शेजाऱ्याने सांगितलेलं मलम लावायचं. त्यात बुरशीच्या औषधासोबत कडक स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि खाली बुरशी पसरत राहते. पुढे कातडी पातळ पडते, आणि मग साधं औषध पटकन लागू पडत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी आजही दिवसाला चारपाच जण मागतात, आणि मी नाही म्हटलं की दोन दुकानं सोडून तिसऱ्यात जातात. यात दोष आम्हा दुकानदारांचा मोठा आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं असतं तर ही वेळ आली नसती.

गौरी-गणपती जवळ आले की आणखी एक मागणी वाढते, पाळी पुढे ढकलायच्या गोळीची. गोळी असते नोरएथिस्टेरॉन, हार्मोनची, तीही चिठ्ठीचीच. पुष्कळदा घ्यायला ती बाई स्वतः येत नाही, नवरा येतो किंवा लहान दीर येतो, आणि त्याला तिच्या तब्येतीचं काहीच माहीत नसतं. पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का, लिव्हरचा त्रास आहे का, दिवस तर गेलेले नाहीत ना, हे मी विचारणार कोणाला? म्हणून मी फोनवर त्या बाईंशीच बोलून घेतो आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. पूजेला शिवाशिव नको म्हणून एखाद्या बाईने आपल्या शरीरावर ही जोखीम घ्यावी, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

मात्र प्रत्येक वेळी डॉक्टरकडेच पळायला हवं, असंही मी म्हणणार नाही. सर्दी, एखाद्या दिवसाची कणकण, जड जेवणानंतरचं पित्त, यासाठी मेडिकलमधून साधी गोळी घेणं गैर नाही. जुलाब लागल्यावर पहिल्या तासात घरात ओआरएस असणं हे डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा मोलाचं आहे. फक्त मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम घालायची, अर्धी अर्धी करून नाही. आपल्या कायद्यात "चिठ्ठीविना चालतील" अशा औषधांची वेगळी यादी नाही. शेड्यूल एच, एच वन आणि एक्स या चिठ्ठीच्या औषधांच्या याद्यांमध्ये जे नाही ते मागितल्यावर देता येतं. गिऱ्हाइकाला एवढं कळलं तरी पुरे की स्ट्रिपवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीचं आहे. घसा दुखला की अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या मागणारे रोज येतात. त्या पाकिटावर ही रेघ असते.

आता तुमच्या वडिलांचं. त्यांना रागावू नका, नाहीतर ते गोळ्या लपवून घेतील. पुढच्या वेळी गावी गेलात की त्यांच्या गोळ्यांचा डबा घेऊन शेजारी बसा आणि प्रत्येक स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी आहेत. तापासाठी ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिवसातून चारदा घेत होते आणि सर्दीची गोळीही चारदा. सर्दीच्या त्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतंच. बेरीज झाली ४६०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, वय झालेल्याला किंवा दारू घेणाऱ्याला त्याहून कमी. दोन गोळ्यांची नावं वेगळी, रंग वेगळे, आत औषध एकच. लिव्हर खराब होईपर्यंत हे कळतही नाही. वडिलांना बीपी किंवा शुगरची औषधं चालू असतील तर अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, हे नक्की सांगा. आणि पावसाळ्यात ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी कुठलीच वेदनाशामक नको. डेंग्यू असेल तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासा.

त्या बाईंना मी त्या दिवशी डायक्लोफेनॅक दिलं नाही. नुसत्या पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या दिल्या. त्या नाराज होऊन गेल्या आणि तिसऱ्या दिवशी परत आल्या, "ह्या गोळीनं भागत न्हाई." दुकानातल्या मशिनवर बीपी बघितलं, १७०/१०० होतं. मागच्या गल्लीत एक डॉक्टर रात्री नऊपर्यंत बसतात. त्यांना फोन केला आणि बाईंना म्हटलं, आत्ताच जा, खाडा पडत नाही. त्या खाली बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग नवऱ्याला हाक मारली. पाऊण तासाने, मी शटर ओढायच्या बेतात असताना, दोघं चिठ्ठी घेऊन आले.