नंतर म्हणजे कधी?

प्रिय पोरा,

जय भीम. तुझं पत्र दोनदा वाचलं. बैठकीत तू समलिंगी असल्याचं बोललास आणि तुला ऐकवलं गेलं, "हा विषय आत्ता नको, चळवळ बदनाम होईल." तिकडे प्राइडमधले, म्हणजे समलिंगींच्या मोर्च्यातले, मित्र म्हणतात, "इथे जात कशाला आणतोस?" म्हणजे इकडे अर्धा, तिकडे अर्धा.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्यामुळे तिकडच्या काळ्यांच्या लढ्यातली नावं तुला तोंडपाठ असतील. त्यात बायर्ड रस्टिन आहेत का, बघ.

२८ ऑगस्ट १९६३, काळ्यांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनचा मोर्चा. अडीच लाख माणूस. मार्टिन ल्यूथर किंगचं भाषण जगाला माहीत आहे, पण मोर्चा उभा केला रस्टिननी. हार्लेममधल्या कचेरीतून, दोन महिन्यांच्या आत. मी जन्मभर सतरंज्या उचलल्या, त्यामुळे मला त्यांच्या बारीकसारीक गोष्टींचंच अप्रूप. बस किती, संडास किती, प्यायचं पाणी कुठे. लोकांनी सोबत आणायचं खाणं उन्हात नासणारं नको. लाऊडस्पीकरवर तर ते अडूनच बसले: स्वस्तातला चालणार नाही, मागच्याला ऐकू आलं नाही तर गर्दी आवरत नाही. आपल्या किती सभा या एका कारणाने विस्कटल्या, आठव.

हा माणूस समलिंगी होता. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात पासाडेनाला पोलिसांनी पकडलं, साठ दिवसांची कैद झाली. ज्या शांततावादी संघटनेत काम करत होते तिथून बाहेर पडावं लागलं. तरी १९५६ मध्ये ते माँटगोमेरीत किंगसोबत होते. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराचा काळ. किंगच्या घरात तेव्हा बंदुका होत्या, आणि अहिंसेचे धडे द्यायला रस्टिन, भारतात येऊन गांधींच्या माणसांत राहून गेलेले. गांधींचं नाव वाचून तू नाक मुरडशील. मुरड, पण पुढे वाच.

१९६० मध्ये हार्लेमचेच काळे खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांनी किंगना निरोप धाडला: डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनासमोरची निदर्शनं थांबवा, नाहीतर तुमचे आणि रस्टिनचे संबंध आहेत असं मी जाहीर करीन. धादांत खोटं. पण किंग कचरले. रस्टिननी किंगच्या संघटनेतल्या कामाचा राजीनामा दिला आणि तो परत घ्या असं कोणी म्हणालं नाही.

तीन वर्षांनी मोर्च्याच्या वेळी तेच. काळ्यांच्या एका मोठ्या संघटनेचे पुढारी रॉय विल्किन्स म्हणाले, हा माणूस प्रमुख नको. मग म्हाताऱ्या कामगार पुढारी फिलिप रँडॉल्फनी युक्ती केली. प्रमुख स्वतः झाले आणि रस्टिनना उपप्रमुख नेमून सगळं काम त्यांच्या हाती दिलं. मोर्च्याला पंधरा दिवस उरले असताना वर्णभेदाची बाजू घेणाऱ्या सिनेटर स्ट्रॉम थर्मंडनी भर सिनेटमध्ये रस्टिनची अटक उगाळली. या वेळी मात्र पुढारी त्यांच्या पाठीशी राहिले. मोर्चा झाला, आणि थर्मंडचा बार फुसका गेला. बदनामीचं कारण देणाऱ्यांना हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून दाखव.

पण रस्टिनना झेंडा करून नाचवू नकोस. १९८६ मध्ये काळ्या समलिंगी पुरुषांच्या लेखसंग्रहासाठी त्यांना लिहायला बोलावलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. मी त्या लढ्याच्या पुढच्या फळीत होतो असं दाखवणं अप्रामाणिकपणाचं होईल, परिस्थितीने मला उघडं केलं, असं कळवलं. त्याच सुमारास ते न्यूयॉर्कमध्ये समलिंगींच्या हक्कांसाठी जाहीरपणे बोलतही होते. माणूस असाच असतो, घोषणेत न मावणारा.

प्राइडवाल्या मित्रांनाही एक सांग. १९६८ मध्ये अमेरिकेतले समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते फ्रँक कामेनींनी 'गे इज गुड' ही घोषणा दिली, ती 'ब्लॅक इज ब्यूटिफुल' ऐकून सुचलेली. आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियात मतदानाने समलिंगी विवाह बंद झाले, तेव्हा काही गोऱ्या समलिंगींनी खापर काळ्या मतदारांवर फोडलं. जणू एकाच अंगात दोन्ही असणारा कोणी नसतोच.

आता माझं. आमच्यातही एक पोरगा होता, पोस्टर रंगवायचा. कुजबुज सुरू झाली तेव्हा "काही दिवस स्टेजवर येऊ नकोस" हे सांगायला मलाच पाठवलं. हॉटेलात बसलो होतो. त्याने ऐकून घेतलं, अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठला. पुन्हा आला नाही. मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं, नंतर बघू.

म्हणून तू राजीनामा देऊ नकोस. तुझी मागणी लेखी दे, इतिवृत्तात नोंदवून घे. "नंतर" म्हणाले तर तारीख विचार. पुढची बैठक कधी आहे ते कळव. मी येतो, तुझ्या शेजारी बसतो.

तुझा,
काका