सर्व्हल म्हणजे छोटा चित्ताच ना? एवढे लांब पाय आहेत, मग चित्त्यासारखंच पळत असेल का?

नाही हो. सर्व्हल हे आफ्रिकेतलं ठिपक्यांचं रानमांजर. ठिपके बघून सगळेच फसतात, मीपण फसलो होतो. सर्व्हलचं जवळचं नातं कॅराकल, म्हणजे आपण ज्याला शशकर्ण म्हणतो त्याच्याशी आणि आफ्रिकेतल्या सोनेरी मांजराशी, चित्ता लांबचा. वजनही ८ ते १८ किलोच्या आसपास, त्यात नर मोठे.

आता पायांचं. शरीराच्या मानाने सगळ्या मांजरकुळात सर्वात लांब पाय याचेच, पण ते पळण्यासाठी नाहीत! सहाराच्या दक्षिणेला पाणथळ जागांच्या कडेने जे उंच गवत असतं तिथे हे राहतं, आणि त्या गवतात उंदीर दिसत नाही, नुसता खुसखुसतो. त्यामुळे कान जितके वर तितकं बरं. मला तर हे मांजर म्हणजे चार काठ्यांवर बसवलेले दोन कान वाटतात.

शिकारीचा एखादा व्हिडिओ मिळाला तर स्लो करून बघा. आधी बराच वेळ काहीच घडत नाही, ते नुसतं उभं राहतं, कधीकधी तर डोळे मिटून, आणि कान मात्र इकडे तिकडे फिरत असतात, मग अचानक चारही पाय जमिनीवरून उचलून हवेत कमान करून जातं आणि पुढचे दोन्ही पंजे एकदम उंदरावर आपटतं. उंदीर तिथेच गार. टांझानियात गोरोंगोरोला केलेल्या अभ्यासात साधारण निम्म्या उड्या यशस्वी निघाल्या, वाघ-सिंहांना एवढं जमत नाही. जोराचा वारा असला की मात्र शिकार कमी होते, कारण सगळं गवतच सळसळायला लागतं, मग ऐकणार काय. बिळातला उंदीर हात घालून उकरून काढतं, उडणारा पक्षी दोन-तीन मीटर उडी मारून पाडतं, बेडूक, साप, किडे पण चालतात.

राहतं एकटंच. नर-मादी जोडी जमवण्यापुरते भेटतात, पिल्लं (बहुतेक दोन-तीन) आई एकटी वाढवते, दाट गवतात नाहीतर दुसऱ्याने सोडलेल्या बिळात लपवून. बिबट्या, तरस, रानकुत्री यांची भीती असतेच.

एक मजेशीर गोष्ट म्हणजे दक्षिण आफ्रिकेत सेकुंडाला कोळशापासून इंधन बनवणारा अवाढव्य कारखाना आहे, त्याच्या कुंपणाच्या आत १०० चौ. किमी.ला ७६ ते १०१ या हिशोबाने सर्व्हल निघाले, २०१८ साली आलेला आकडा. एवढी दाटी तोवर कुठेच नोंदली नव्हती. कारण सरळ आहे, आत पाणथळ गवत, त्यात उंदरांची चंगळ, वर माणसांची आणि मोठ्या शिकारी प्राण्यांची कटकट नाही.

आणि फोटोत ओळखायचंच असेल तर डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ आहे का बघा, असली तर चित्ता. पाठमोरं असेल तर कानामागे बघा, सर्व्हलच्या काळ्या कानावर ठसठशीत पांढरा पट्टा असतो.