‘पतंग’ म्हणावे की ‘चिलटे’?

प्रश्न असा आहे : एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात निवेदक निक कॅरावे हा धनाढ्य शेजारी गॅट्सबी याच्या बागेतल्या मेजवान्यांना जमणाऱ्या मंडळींना ‘मॉथ्स’ची (रात्री उडणाऱ्या कीटकांची) उपमा देतो, तिथे मराठीत ‘पतंग’ लिहावे की ‘चिलटे’, आणि त्या शब्दातून या मंडळींविषयीचे त्याचे मत कळते का?

‘चिलटे’ मी टाळेन. त्या शब्दात तिटकारा उघड आहे आणि निक तर आरंभीच सांगतो की, माणसांविषयीचा निवाडा राखून ठेवण्याची त्याला सवय आहे. त्याची नापसंती म्हणूनच विशेषणांपेक्षा नामांत आणि क्रियापदांत शोधावी लागते.

‘पतंग’ अर्थाने बरोबर आहे, पण मराठी कानाला तो एकटा ऐकू येत नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात पेटत्या अग्नीत नाशासाठी वेगाने शिरणारे पतंग आहेत, गझलेतला शमेवर जळणारा परवानाही आपल्या ओळखीचा आहे. त्यामुळे या शब्दामागोमाग आत्मसमर्पणाची उदात्त छटा आपोआप येते. मूळ वाक्यात मात्र ज्योतच नाही. कुजबुज, शँपेन आणि तारे यांच्यामधून ही माणसे नुसती येतात आणि जातात. कोणी होरपळत नाही. (होरपळतो तो यजमान, आणि तोही फार पुढे.) तेव्हा ‘पतंगांसारखे झेपावत’ असे न लिहिता ‘पतंगांसारखी ये-जा करीत’ असेच लिहावे, कारण निकचे मत त्या फिक्या क्रियापदात आहे.

पुढेच संत्री-लिंबांचे वर्णन येते, ते मला फार मोलाचे वाटते. दर शुक्रवारी न्यूयॉर्कहून पाच खोकी येतात आणि सोमवारी तीच फळे गर गेलेल्या अर्ध्या सालींचा ढीग होऊन मागच्या दाराने बाहेर पडतात. माणसे येतात-जातात, तशीच फळेही. मेजवानीने दोघांचे काय केले, हे निकने कुठेही न सांगता वाचकाला कळते.

‘पाहुणे’ हा शब्दही जपून वापरावा. निकला रीतसर चिठ्ठी आली होती, बाकीचे बहुतेक जण बोलावल्यावाचून आले होते, असे तो स्वतःच नोंदवतो. अशांना आपल्याकडे ‘आगंतुक’ हा नेमका शब्द आहे. शिवाय त्याच पतंगांच्या वाक्यात तो ‘पुरुष आणि मुली’ म्हणतो. अनुवादात ते गुळगुळीत करून ‘स्त्री-पुरुष’ करू नये.