घरच्या कॉम्प्युटरचे अपडेट आपोआप होऊ द्यावेत की हाताने करावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज 11 चा लॅपटॉप, नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून. संध्याकाळी मिसेसचा ऑनलाइन क्लास चालू असताना लॅपटॉप स्वतःहून रीस्टार्ट झाला आणि पाऊण तास पोरं ताटकळली. आता भाऊ म्हणतोय, अपडेट बंदच करून टाक, वेळ मिळेल तेव्हा हाताने कर.

भावावर रागावू नका. हाच सल्ला मी सात-आठ वर्षं गिऱ्हाइकांना दिला आहे. नुसता दिला नाही, स्वतः बसून करून दिला. माझं सांगलीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. मशीन फॉरमॅटला आलं की विंडोज टाकायचं, ड्रायव्हर (प्रिंटर, साउंड वगैरे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) टाकायचे आणि शेवटी अपडेटची सर्व्हिस बंद करून द्यायची, अशी आमच्या लाइनीतली पद्धतच होती. खरी कारणं दोन. एक, निम्म्या मशीनवरचं विंडोज ओरिजिनल नसायचं, मग अपडेट आला की स्क्रीन काळी व्हायची आणि माणूस परत दुकानात. दुसरं, नेटचा पॅक दीड-दोन जीबीचा, त्यात अपडेटच जेवून जायचे. गिऱ्हाईक खूश, आम्ही मोकळे. 'हवं तेव्हा हाताने करा' असं मीही तोंडाने म्हणायचो. एकानेही कधी केलं नाही.

2017 च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, एक डीटीपीवाले काका सीपीयू मोटरसायकलवर बांधून घेऊन आले. विंडोज 7, अपडेट बंद. बंद मीच केलेले. चालू केलं तर लाल खिडकी, उलटी मोजणी करणारं घड्याळ आणि 300 डॉलर बिटकॉइनमध्ये भरा अशी मागणी. पत्रिकांच्या सगळ्या फायलींना पुढे डब्ल्यूएनसीआरवाय असं शेपूट लागलेलं. तो वॉनाक्राय, फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, 12 मेला जगभर पसरलेला. तो ज्या भोकातून आत शिरायचा, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. म्हणजे जवळजवळ दोन महिने औषध घराच्या दारात पडून होतं आणि दाराला कुलूप मी लावलं होतं. काकांच्या पेन ड्राइव्हवर थोड्या पत्रिका निघाल्या, बाकीच्या त्यांनी रात्री जागून पुन्हा टाइप केल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून माझं मत स्पष्ट आहे: सिक्युरिटीचे अपडेट आपोआपच होऊ द्या, फक्त रीस्टार्टची वेळ स्वतःच्या हातात घ्या. तुमची तक्रार नीट वाचली तर ती अपडेटबद्दल नाहीच, वेळेबद्दल आहे.

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात 'ॲक्टिव्ह अवर्स'. ते ऑटोमॅटिकवरून मॅन्युअली करा. जास्तीत जास्त 18 तास देता येतात, म्हणून सकाळी 6 ते रात्री 12 टाका. या वेळेत तो आपणहून रीस्टार्ट घेत नाही. त्याच पानावर रीस्टार्टच्या आधी सूचना देणारं एक बटण आहे, तेही चालू करा. परीक्षा किंवा लग्नकार्य असेल तर 'पॉझ' आहे, पाच आठवड्यांपर्यंत. मात्र पॉझला पॉझच राहू द्या, महिनोन्‌महिने लांबवू नका. कारण अपडेट बाहेर पडला की चोरसुद्धा तो उघडून बघतात. जुनी फाईल आणि नवी फाईल शेजारी ठेवली की भोक नेमकं कुठे होतं ते कळतं. त्या दिवसापासून अपडेट न केलेली मशीन त्यांना सगळ्यात सोपी. आठवडाभर थांबलात तर मी काही म्हणणार नाही, दोन महिने थांबलात तर काकांची गोष्ट आठवा.

मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. मी घरी बुधवारी रात्री जेवणं झाली की रीस्टार्ट देतो. गुरुवारवर टाकत नाही, आमच्या भागात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते आणि '30 टक्के पूर्ण'वर असताना लाईट गेलेली डेस्कटॉप मशीन मी बरीच बघितली आहेत. तुमचा लॅपटॉप आहे, तरी चार्जर लावूनच ठेवा. आणि शटडाउन करून रीस्टार्ट झाला असं समजू नका. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज अर्धवट झोपतं. मेनूतून 'रीस्टार्ट'च द्यायचा.

आता भावाची बाजू. अपडेटने मशीन बिघडतं हे खोटं नाही. ऑक्टोबर 2018 च्या विंडोज 10 च्या मोठ्या अपडेटमध्ये काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच उडाल्या. 2 तारखेला दिलेला अपडेट 6 तारखेला थांबवावा लागला आणि दुरुस्त होऊन 13 नोव्हेंबरला परत आला. पण गंमत बघा. आपोआप वाटप सुरू व्हायचं होतं 9 ऑक्टोबरपासून. त्या चार दिवसांत तो मुख्यतः कोणाला मिळाला? स्वतः जाऊन 'चेक फॉर अपडेट्स' दाबणाऱ्यांना. म्हणजे हाताने करणारे पोळले आणि गप्प बसलेले वाचले! म्हणून ते बटण उगाच दाबत बसू नका, आणि 'लेटेस्ट अपडेट्स लवकर मिळवा' असा जो स्विच आहे तो बंदच ठेवा. नवं धोतर नेसून पहिल्यांदा चिखलात आपणच कशाला उतरायचं.

जुलै 2024 मध्ये विमानतळांवर निळ्या स्क्रीन दिसल्या, हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते दाखवून अजून लोक मला विचारतात की अपडेटने हे होतं ना? तो क्राउडस्ट्राइक नावाच्या सिक्युरिटी कंपनीचा अपडेट होता, त्यात सुमारे 85 लाख मशीन पडली, पण ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या घेतात. तुमच्या-माझ्या घरात ते नसतं.

त्याच महिन्यात विंडोजच्या एका अपडेटनंतर काही मशीन बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागू लागली, आणि हे मात्र घरच्या लॅपटॉपलाही लागू पडतं. 48 आकडी की असते, तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आजच बघून एका वहीत लिहून ठेवा. लॅपटॉपवर नाही, वहीत. अडलेल्या लॅपटॉपची किल्ली त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेले महाभाग मला भेटले आहेत.

हाताने करायच्या गोष्टी आहेतच. बायॉस (विंडोजच्या आधी मशीन चालू करणारा प्रोग्रॅम) हाताने, तेही काही अडचण असेल तरच. ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि प्रिंटरचा ड्रायव्हर चालतोय तोवर हात लावू नये. मिसेस मराठी टायपिंगसाठी जुनं फॉन्टवालं सॉफ्टवेअर वापरत असतील, किंवा घरात कोणी डिजिटल सिग्नेचरचं डोंगल लावून रिटर्न भरत असेल, तर विंडोजची नवी मोठी आवृत्ती (वर्षातून एकदा येते ती) मुदतीच्या आठवड्यात घेऊ नका. 31 जुलैच्या आदल्या रात्री डोंगल ओळखत नाही म्हणून रडवेले झालेले फोन मी घेतले आहेत.

उलट काही सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होतच नाहीत, तिथे हाताने केल्याशिवाय इलाज नाही. झिप फायली उघडणारं विनरार हे ठळक उदाहरण. 2023 मध्ये त्यात एक मोठं भोक सापडलं, झिपमधला साधा फोटो उघडायला गेलात तरी व्हायरस चालायचा. ऑगस्टमध्ये 6.23 ही दुरुस्त आवृत्ती आली. माझ्याकडे येणाऱ्या मशीनवर अजूनही 5 नंबरची सापडते. क्रोमचं उलटं, तो आपोआप उतरवून घेतो, पण लागू व्हायला बंद करून उघडावा लागतो. पन्नास टॅब उघडे ठेवून लॅपटॉप नुसता मिटणाऱ्यांचा क्रोम तसाच जुना राहतो.

आणि आता हॉटस्पॉट. डेटा वाचवायला कोणीतरी तुमच्या त्या कनेक्शनवर 'मीटर्ड' (म्हणजे डेटा मोजून वापरायचं नेट) चालू करून दिलेलं असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर बहुतेक अपडेट उतरतच नाहीत, नुसते वाट बघत बसतात, आणि एखाद्या दिवशी शेजारच्या वायफायला जोडलात की सगळे एकदम येऊन उभे राहतात. मग तो पाऊण तास लागतो. अपडेट हिस्ट्री उघडून शेवटची तारीख बघा. दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर रविवारी दुपारी लॅपटॉप एखाद्या नातेवाइकाच्या ब्रॉडबँडवर घेऊन जा, चार्जर सोबत न्या, आणि हिस्ट्रीत काय दिसलं ते इथेच खाली लिहा.