मधमाश्यांची पेटी निरोगी आहे की नाही, हे पोळं पाहून कसं ओळखायचं?

माश्यांची गर्दी बघून पेटी चांगली ठरवू नका. तुम्ही लिहिलंय की दारात ये-जा भरपूर आहे, वर मधही दिसतो, मग आत आणखी काय बघायचं? अशाच ये-जेवर विसंबून आमची एक पेटी गेली, म्हणून लिहितोय.

चांदवड तालुक्यात आम्ही कांद्याचं बियाणं करतो. डेंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांवर, गोंडे उमलले की माश्या हव्याच. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर नंतर तयार होतं, त्यामुळे पराग एका फुलावरून दुसऱ्यावर कुणीतरी न्यावा लागतो. त्या वर्षी जानेवारीत मेलिफेराच्या, म्हणजे पाळीव परदेशी माशीच्या, सहा पेट्या विकत आणल्या. फेब्रुवारीत गोंडे नुकते उमलायला लागले होते, तेव्हा चौथ्या पेटीच्या दारात झुंबड सुरू झाली. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बांधावर उभे राहून रोज म्हणायचे, "सगळ्यात जोरात हीच." मी उघडायला निघालो की, "राहू दे, उघडझाप करून माश्या पळवशील." आठवडाभर मी ऐकलं.

मग एका दुपारी दाराखाली मेणाचा भुगा दिसला. फळीवर माश्या एकमेकींना धरून लोळत होत्या. मी झाकण काढलं. कडेच्या फ्रेमवरची (पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटीवरची) मधाची झाकणं ओरबाडल्यासारखी फाटलेली, कोष कोरडे. शेजारच्या पेट्यांतल्या माश्या येऊन मध लुटून नेत होत्या, आणि आम्ही तिला जोरात म्हणत होतो! मधली फ्रेम उचलली, उन्हाकडे पाठ केली आणि कोषांत बघितलं. एका कोषात तीन अंडी, शेजारच्यात पाच, काही तर तळ सोडून भिंतीला चिकटलेली. कामकरीच्या लहान कोषांवर बंदुकीच्या गोळीसारखी फुगलेली झाकणं. राणी जाऊन कित्येक आठवडे झाले होते, बहुतेक टेम्पोतच दबली असावी. कामकरी माश्याच अंडी घालत होत्या आणि अशा अंड्यांतून फक्त नर निघतात. इतकं झाल्यावर ती पेटी नवी राणीही सहसा स्वीकारत नाही. त्या हंगामात पाच पेट्यांवरच भागवावं लागलं.

अण्णा अजून म्हणतात, मी उघडली म्हणून पेटी गेली. साफ चूक. बराच काळ राणी आणि तिच्या अळ्या नसल्या, तरच कामकरी अशी अंडी घालायला लागतात. आठ दिवस आधी उघडली असती तर निदान दार बारीक करून लूट थांबवता आली असती.

तर मधली फ्रेम बघा. प्रत्येक कोषात तळाशी एकच अंडं, सुईच्या टोकाएवढं, पांढरं. अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या, ओलसर, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या. झाकलेल्या अळ्यांचा भाग सलग, मध्ये फार मोकळे कोष नकोत. झाकणं कोरडी, किंचित फुगीर, बिस्किटाच्या रंगाची. त्याभोवती परागाची कमान, मग मध. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे कोषाला एकेक अंडं दिसलं की तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी होतीच. तिला शोधत बसायची गरज नाही. झाकणं खचलेली, भोकं पडलेली असतील तर काडी आत घालून हळूच ओढा. तपकिरी, चिकट दोरा निघाला तर फाउलब्रूड (अळ्या सडवणारा, पसरणारा रोग) समजा आणि त्या पेटीची एकही फ्रेम दुसऱ्या पेटीत टाकू नका.

एक सांगायचं राहिलं. तुमच्याकडे सातेरी, म्हणजे आपली देशी माशी, असेल तर अण्णांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. ती जास्त डिवचली तर पेटी सोडून निघून जाते. आणि निफाड-चांदवडच्या थंडीत सकाळी पेटी अजिबात उघडू नका. अळ्यांना 34-35 अंशांची ऊब लागते, उघडी फ्रेम हातात धरून बोलत बसलात तर त्या गारठतात.

माशी कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीत. उद्या अकरा-बाराला चांगलं ऊन असताना मधली एकच फ्रेम काढा, कोषात अंडी किती आणि कुठे चिकटलीत ते बघा आणि कळवा.