बारावीपर्यंत फिजिक्स आवडायचं, पण बी.एस्सी.ला ‘इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम’ सुरू झाल्यापासून गणितंच सुटत नाहीत. मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरातच पहिल्या वर्षाला आहात, शाळा मराठी माध्यमातून झाली, मेकॅनिक्सचा पेपर बरा गेला. पण या विषयात सूत्रं तोंडपाठ असूनही गणित समोर आलं की कुठलं लावायचं तेच सुचत नाही. आणि हे इंग्रजीमुळे होतंय का, असंही विचारलंय.

आधी भाषेचं सांगते. माझ्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी. आपल्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत हेच आहे. प्रभार म्हणजे चार्ज, विभव म्हणजे पोटेन्शियल, विद्युतधारा म्हणजे करंट, अशा जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलात तर दोन-तीन महिन्यांत इंग्रजी वाक्यं बुजवायची थांबतात. गणित अडतंय ते त्यामुळे नाही.

मेकॅनिक्समध्ये चेंडू दिसतो, उतार दिसतो, दोरीचा ताण हाताला कळतो. इथे ज्याच्यावर सगळा पेपर उभा आहे ते फील्डच, म्हणजे चार्ज, करंट किंवा चुंबकाभोवतीचं त्याच्या प्रभावाचं क्षेत्र, दिसत नाही. मग आपण चित्र काढायचं सोडून थेट सूत्राला हात घालतो. मीही पहिल्या वर्षी तेच केलं आणि पहिल्या चाचणीत नापास झाले. आमच्या वर्गात नोट्स उतरवून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे वही भरलेली असायची, पण त्यात मी स्वतः काढलेली एकही आकृती नव्हती. आता मी स्वतः पहिल्या वर्षाला हाच विषय शिकवते आणि दरवर्षी त्याच जागी मुलं अडकलेली बघते.

म्हणून गणित हातात घेतलं की पेन्सिलीने आकृती काढा आणि तिच्या शेजारी दोनच गोष्टी लिहा. हे फील्ड कुणामुळे तयार झालंय? आणि मी ते नेमकं कुठे मोजतेय? हे लिहिल्याशिवाय एकही समीकरण लिहायचं नाही.

सुरुवात कंगव्यापासून करा. सोलापूरची कोरडी हवा या प्रयोगांना फार चांगली. दमट हवेत चार्ज पृष्ठभागावरून निसटून जातो, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तो छान टिकतो. कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून चिकटतात. आता विचार करा, कागदावर तर चार्ज नव्हता, मग तो ओढला का गेला? कंगव्याच्या फील्डमुळे कागदातले धन आणि ऋण चार्ज किंचित सरकतात. कंगव्याच्या विरुद्ध जातीचा चार्ज जवळ येतो, सारख्या जातीचा दूर जातो, आणि जवळच्याचं आकर्षण दूरच्याच्या प्रतिकर्षणापेक्षा जास्त भरतं. नीट बघत राहिलात तर चिकटलेला एखादा कपटा मध्येच सटकन उडून जाताना दिसेल. तो का उडाला, याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा. दोन चार्जमधलं बल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं हा कूलॉमचा नियम १७८५चा आहे, पण तो अंगात मुरतो तो अशा कपट्यांनी.

गॉसचा नियम मात्र सावकाश घ्या, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. फ्लक्स म्हणजे पृष्ठभागातून आरपार जाणाऱ्या फील्डचं माप. बंद पृष्ठभागातून जाणारा एकूण फ्लक्स म्हणजे आतला चार्ज भागिले एप्सिलॉन नॉट हा स्थिरांक. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्यावरून मुलं समजतात की बाहेरच्या चार्जचा काही संबंधच नाही, आणि तिथेच चुकतात. समजा तुम्ही एका चार्जभोवती काल्पनिक गोल कल्पिला आणि बाहेरून दुसरा चार्ज जवळ आणला. गोलातून जाणारा एकूण फ्लक्स तेवढाच राहतो, कारण बाहेरच्या चार्जच्या रेषा एका बाजूने आत शिरतात तेवढ्याच दुसरीकडून बाहेर पडतात. पण गोलावरच्या प्रत्येक बिंदूपाशी फील्ड मात्र बदललेलं असतं. फ्लक्सचा हिशेब फक्त आतल्या चार्जचा, फील्ड सगळ्यांचं. हे वाक्य तुम्ही वहीत मोठ्या अक्षरात लिहावं असं मला मनापासून वाटतं.

यावर माझं सगळ्यात आवडतं गणित असं. घनाच्या बरोबर मध्यभागी चार्ज आहे, एका बाजूतून फ्लक्स किती? सहा बाजू सारख्याच, म्हणून एकूणाचा सहावा भाग. इथपर्यंत सगळे येतात. आता तोच चार्ज घनाच्या कोपऱ्यावर ठेवा. मुलं इंटिग्रेशन करायला बसतात आणि दोन पानं भरतात. त्याऐवजी तसेच आणखी सात खोके घ्या आणि आठही खोके असे रचा की तो कोपरा सगळ्यांना मिळून एक होईल. आता चार्ज मोठ्या घनाच्या मध्यभागी आला, म्हणजे आपल्या खोक्याच्या वाट्याला एकूण फ्लक्सचा आठवा भाग. खोक्याच्या ज्या तीन बाजू चार्जला टेकतात त्यांच्यातून फ्लक्स शून्य, कारण तिथे फील्ड त्या बाजूला समांतर घसरत जातं, आरपार जात नाही. उरलेल्या तीन बाजू सारख्याच. आठव्या भागाचे तीन वाटे, म्हणजे प्रत्येकी चोविसावा भाग. इंटिग्रेशनची एक ओळ नाही. काडेपेटीचे खोके घेऊन हे प्रत्यक्ष रचून बघा, मी वर्गात तेच करते.

पण गॉसचा नियम खरा असणं वेगळं आणि उपयोगी पडणं वेगळं. चार्ज दिलेल्या वीतभर लांबीच्या तारेलाही तो लागू आहेच, पण तिथे सममिती नाही, त्यामुळे फील्ड इंटिग्रलच्या बाहेर काढता येत नाही. मग कूलॉमवरूनच जावं लागतं. आधी सममिती शोधायची, मग नियम निवडायचा.

पोटेन्शियलबद्दल एकच कसोटी देते. दोन समान धन चार्जच्या बरोबर मध्ये फील्ड शून्य असतं, पण पोटेन्शियल शून्य नसतं. त्यातला एक ऋण केला की मध्यबिंदूपाशी पोटेन्शियल शून्य होतं आणि फील्ड उरतं. हे का, ते न अडखळता सांगता आलं तर तो धडा तुम्हाला आला.

मॅग्नेटिझमला चुंबकसूचीपासून सुरुवात करा. १८२० मध्ये कोपनहेगनला ऑरस्टेडने करंट वाहणाऱ्या तारेजवळ सूची ठेवली आणि ती वळली. सेल, तार आणि छोटं होकायंत्र घेऊन हे घरी करता येतं, फक्त तार एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त जोडून ठेवू नका, तापते. तार उत्तर-दक्षिण धरून सूचीच्या वर ठेवा, मग खाली ठेवा. सूची तारेकडे ओढली जात नाही, ती तारेला आडवी व्हायला बघते, आणि तार वरून खाली नेली की उलट दिशेला वळते. फील्ड तारेभोवती गोल फिरतंय हे त्या क्षणी डोळ्यांना दिसतं. क्रॉस प्रॉडक्ट आणि उजव्या हाताचा नियम यासाठीच आलेत.

इथून पुढे आपल्या दोन प्रश्नांत तिसरा वाढवायचा: बदलतंय काय? १८३१ मध्ये फॅरडेला जे सापडलं ते एवढंच, की नुसत्या चुंबकाने करंट येत नाही, फ्लक्स बदलला की येतो. फॅरडे बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, फारसं औपचारिक शिक्षण नाही, गणितात कच्चा. तो रेषा काढूनच विचार करायचा, आणि त्याच रेषांना पुढे मॅक्सवेलने समीकरणांचं रूप दिलं. चित्राने विचार करणं हा कमी प्रतीचा अभ्यास आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

माझे वडील यंत्रमागावर होते. दुपारी डबा द्यायला गेले की मी मागाच्या मोटरवरची पत्र्याची पाटी वाचत बसायचे, तेलकट, वर कापसाचे तंतू चिकटलेले. त्यावर आरपीएमपुढे १४४० लिहिलेलं. पुढे कॉलेजात कळलं की चार ध्रुवांच्या मोटरमध्ये ५० हर्ट्झवर चुंबकीय फील्ड मिनिटाला १५०० फेरे घेतं. मग मोटर १४४० वर का? मी वाइंडिंगच्या दुकानात गेले. तिथल्या काकांनी उघडलेली मोटर दाखवली. तांब्याची सगळी कॉइल बाहेरच्या स्टेटरमध्ये, आणि आतल्या रोटरला कुठूनच वायर जोडलेली नाही. “त्यातला करंट आपोआप येतो,” ते म्हणाले, “म्हणून तर तो मागे राहतो.”

त्या एका वाक्यात फॅरडेचा नियम आहे. रोटर जर १५०० नेच फिरला असता तर त्याच्या दृष्टीने फील्ड स्थिर झालं असतं. फ्लक्स बदलला नसता, करंट आला नसता, आणि फिरवणारा जोरही उरला नसता. फील्डच्या थोडं मागे राहूनच त्याला जोर मिळतो. तीन फेजच्या पुरवठ्यातला एक फेज गेला की हीच मोटर सुरू करताना नुसती घूं घूं करते, कारण मग फील्ड गोल फिरत नाही, एकाच रेषेत मागेपुढे होतं. लगेच बंद केली नाही तर कॉइल जळते, हे माग चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

ट्रान्सफॉर्मरचा धडा आला की आपल्याच गावची एक लाइन आठवा. ३१ डिसेंबर २०१३ ला ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) रायचूर-सोलापूर लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकीच्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीत जोडली गेली. ७६५ केव्ही कशाला? तेवढीच पॉवर दुप्पट व्होल्टेजने पाठवली तर करंट निम्मा होतो आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा चौथाईवर येते. व्होल्टेज असं चढवता-उतरवता येतं ते ट्रान्सफॉर्मरमुळे, आणि ट्रान्सफॉर्मर चालतो बदलत्या फ्लक्सवर.

रोज वीस गणितं उरकू नका. तीन घ्या, आकृतीसकट पूर्ण सोडवा, दुसऱ्या दिवशी वही मिटून पुन्हा सोडवा. डेरिव्हेशनही आकृतीवरून लिहायला बसा, ओळी आठवून नाही.

आणि मागांच्या कारखान्यात कधी गेलात तर पाट्या वाचा. काही मोटरवर १४४० ऐवजी ९६० लिहिलेलं असतं. तिच्यात ध्रुव किती असतील, ते आजच काढून बघा.