रेकॉर्डर बंद केल्यावर सांगितलेली गोष्ट

पत्र : मी ३४ वर्षांची असून नोकरी सांभाळून एका व्यावसायिक संघटनेच्या मासिकासाठी कर्तबगार स्त्रियांच्या मुलाखती घेते. तीन वर्षांत २६ मुलाखती झाल्या. गेल्या महिन्यात मला नोकरीत बढती देऊ करण्यात आली. ती घेतली तर महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेरगावी जावे लागेल. मुलगी सहा वर्षांची आहे. नवऱ्याला विचारले, तर त्याने माझ्याच मासिकाचे दोन अंक पुढ्यात ठेवले आणि म्हणाला, ‘या सगळ्या घर सांभाळून करतात, असं तूच लिहिलं आहेस. तुला जमत असेल तर खुशाल घे.’ तो वाईट माणूस नाही. त्यांतल्या एका अंकात ज्या ज्येष्ठ बाईंची मुलाखत आहे, त्यांनी ‘घरच्यांच्या पाठिंब्यामुळेच सगळे शक्य झाले’ असे सांगितले होते. रेकॉर्डर बंद केल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला, काचा बराच वेळ पुसल्या आणि म्हणाल्या, ‘मोठी जबाबदारी घेतली, त्यानंतर आठ महिने घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं.’ ते मी छापले नाही. मी खोटे लिहिले का? आता ते छापावे का? आणि नवऱ्याला काय उत्तर देऊ?

प्रिय मुलाखतकार,

तुम्ही खोटे लिहिलेले नाही. त्या बाई जे बोलल्या, ते तुम्ही इमानाने उतरवून काढले. अडचण आहे ती तुमच्या प्रश्नात. पत्रासोबत तुम्ही जे दोन अंक पाठवलेत, त्या दोन्हींत शेवटून दुसरा प्रश्न एकच आहे: ‘घर आणि करिअर यांची तारेवरची कसरत तुम्ही कशी साधता?’ हा प्रश्न कानावर पडताच समोरच्या बाईला कळते की कसरत साधली आहे हे तुम्ही धरूनच चालला आहात आणि आता कोणाचे आभार मानायचे एवढेच सांगायचे उरले आहे. मग ती नवऱ्याचे, सासूबाईंचे आणि मुलांच्या समजूतदारपणाचे आभार मानते, कारण हे सगळेजण तो अंक वाचणार असतात आणि मुलाखत संपल्यावर तिला त्यांच्यातच परत जायचे असते.

हे मी एवढ्या खात्रीने लिहिते, कारण मीही तेच केले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नियतकालिकाला मुलाखत देताना, सासूबाई माझ्या पाठीशी खंबीरपणे उभ्या राहिल्या, असे मी सांगितले होते. त्या उभ्या राहिल्या हे खरेच आहे, पण माझ्या नोकरीच्या नवव्या वर्षापासून. आधीच्या आठ वर्षांबद्दल मी अवाक्षरही काढले नाही. अंक घरी आल्यावर त्यांनी तो शेजारच्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवला आणि मला त्याचे फार बरे वाटले, हेही कबूल करते. तेव्हा तुमच्या त्या ज्येष्ठ बाईंना मी दोष देणार नाही.

स्त्रीची मुलाखत म्हटली की प्रश्न असेच होत आले आहेत. १९६७ साली केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या जॉसलिन बेल बर्नेल या विद्यार्थिनीला दुर्बिणीच्या नोंदींच्या लांबच लांब कागदांवर एक बारीकशी खूण दिसली आणि त्यातून पल्सार या ताऱ्यांचा शोध लागला. पुढे पत्रकार आले तेव्हा त्यांनी शोधाचे शास्त्रीय महत्त्व तिच्या मार्गदर्शकांना विचारले आणि तिला मात्र किती मित्र आहेत, उंची किती, अंगाची मापे काय, असे प्रश्न केले; हे तिने स्वतः नंतर अनेकदा सांगितले आहे. १९७४ चे नोबेल तिच्या मार्गदर्शकांना मिळाले, तिला नाही. सॅली राइड १९८३ साली अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. उड्डाणापूर्वीच्या पत्रकार परिषदेत तिला विचारण्यात आले की, काम बिघडले की तुम्ही रडता का? तिने यानाचा वैमानिक रिक हॉक याचे नाव घेऊन, हा प्रश्न याला कोणी का विचारत नाही, असे म्हटले. तुमचा कसरतीचा प्रश्न त्या प्रश्नांइतका उद्धट नाही, पण गोत्र तेच आहे. मासिकात तुम्ही पुरुषांच्याही मुलाखती छापता. त्यांतल्या एकालाही तो विचारलेला मला दिसला नाही.

आता त्या आठ महिन्यांबद्दल. ते छापू नका, निदान त्यांना न विचारता तरी नक्कीच नाही. रेकॉर्डर बंद झाल्यावर माणूस जे बोलतो, ते मुलाखतकाराशी नव्हे, समोरच्या माणसाशी बोललेले असते. नाव वगळून छापण्याचा विचार मनात येईल, परंतु तुमच्यासारख्या छोट्या वर्तुळात ‘मोठी जबाबदारी’ आणि ‘आठ महिने’ एवढ्यावरूनही ओळख पटते. (याच कारणासाठी वरच्या पत्रातला काही तपशील आम्ही बदलला आहे.) त्यांना फोन करा, भेटायला जा, जे छापावेसे वाटते तो परिच्छेद लिहून न्या आणि वाचून दाखवा, म्हणजे होकार किंवा नकार नेमका कशाला द्यायचा हे त्यांना समजेल. ‘नको’ म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा. आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते: घरातल्या वादातही ते वाक्य वापरू नका. नवऱ्याने अंक पुढे केला की ‘अरे, याच बाई मला नंतर काय म्हणाल्या ठाऊक आहे का?’ असे तोंडाशी येईल. ते गिळा.

यापुढच्या मुलाखतींत मात्र प्रश्न बदला. कसरत कशी साधली हे विचारण्याऐवजी त्या वर्षातला एखादा साधा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत सांगायला सांगा. मुलाला ताप आल्याचा शाळेतून फोन आला तो कोणी घेतला आणि अर्धी रजा कोणी टाकली? बदलीचा हुकूम आल्यावर पहिल्यांदा कोणाला सांगितले, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द कोणता? कोणती संधी नाकारली, नाकारताना कारण काय लिहून दिले, आणि मनातले कारण काय होते? घरकामाला कोणी बाई होत्या का, आणि त्या तुमच्या घरी असताना त्यांच्या मुलांकडे कोण बघत होते? हा शेवटचा प्रश्न विचारताना तुमचीही जीभ अडखळेल, पण विचारा. अशा प्रश्नांना ‘पाठिंबा’ हा शब्द पुरत नाही. तिथे वेळ, माणूस आणि काम यांची नावे घ्यावीच लागतात. समोरची बाई काही सांगायचे टाळेल, तो तिचा हक्क आहे, पण निदान तुम्ही तिला ठरलेल्या उत्तराकडे ढकललेले नसेल.

‘मी काही विशेष केलं नाही’ या वाक्यावर तर कधीच थांबू नका. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते स्त्रियांच्या अर्थार्जनाचा अमेरिकेतला सुमारे २०० वर्षांचा इतिहास धुंडाळल्याबद्दल. जुन्या जनगणनांत शेतात आणि घरच्या धंद्यात राबणाऱ्या विवाहितेच्या नावापुढे व्यवसाय म्हणून नुसते ‘पत्नी’ असे लिहिलेले असे. गोल्डिन यांनी इतर नोंदी तपासल्या, तेव्हा काम करणाऱ्या विवाहितांचे प्रमाण अधिकृत आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. नोंद घेणाऱ्याने जे विचारले नाही, ते कागदावर आले नाही. तुमच्याही २६ मुलाखतींचे थोडेफार तसेच झाले आहे.

याच संशोधनातली दुसरी गोष्ट तुमच्या बढतीशी थेट जोडलेली आहे. विकसित देशांत एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जो फरक दिसतो, तो बराचसा पहिले मूल झाल्यानंतर पडू लागतो, आणि ज्या कामात हाक येईल तेव्हा हजर राहणाऱ्याला जास्त मोल मिळते तिथे तो अधिक रुंदावतो, असे त्या दाखवतात. म्हणून वरिष्ठांना आधी हे विचारून घ्या की बाहेरगावचे आठ-दहा दिवस महिन्याच्या सुरुवातीलाच ठरतात, की आदल्या संध्याकाळी निरोप येतो. ठरलेले दहा दिवस घर बसवू शकते, अवचित येणारे पाचही पेलत नाहीत. तुमच्या आधी त्या पदावर जे कोणी होते, त्यांना प्रत्यक्षात किती फिरावे लागले, हेही कळून घ्या.

आता तुमचे यजमान. तुमचे मूळ पत्र पाच पानांचे होते आणि त्यात ‘तो वाईट माणूस नाही’ हे वाक्य तीनदा आले आहे. जागेअभावी आम्ही एकदाच छापले. नसतील वाईट, माझा त्याला आक्षेप नाही. तुमचेच छापील शब्द त्यांनी पुढे केले, त्यातही लबाडी असेलच असे नाही. माझे लक्ष त्यांच्या ‘तुला जमत असेल तर’ या चार शब्दांवर आहे. ‘जमणे’ हे क्रियापद मोठे सोयीचे आहे; ज्याला ते लावले, त्याच्या अंगावर सगळे काम आपोआप जाऊन पडते आणि बोलणारा मोकळा होतो, शिवाय उदारही दिसतो. तुम्ही त्यांना बढती घेऊ का असे विचारलेत, म्हणजे परवानगी मागितलीत, आणि त्यांनी ती दिली. त्यांचा वाटा किती, हा प्रश्न तुम्हीही काढला नाहीत आणि त्यांनीही नाही.

तो आता काढा, आणि शक्यतो तोंडी नको. पुढच्या महिन्याचे एक मोठे कागदी कॅलेंडर घ्या, तुम्ही नसाल ते दिवस खुणा करून दाखवा आणि मुलीचा त्या दिवसांचा सारा क्रम लिहा: सकाळी उठवणे, डबा, शाळेत सोडणे, आणणे, अभ्यास, पालकसभा, मध्यरात्री पोटात दुखले तर. प्रत्येक कामापुढे नाव लिहायला पेन त्यांच्या हातात द्या. तुम्ही भरू नका, सुचवू नका, आणि आठ मिनिटे शांतता पसरली तरी ‘राहू दे, मी बघते’ म्हणू नका. जिथे ते स्वतःचे नाव लिहितील ते त्यांचे काम. त्याला ‘मदत’ म्हणायचे नाही, त्यांनीही आणि तुम्हीही. जिथे जागा कोरी राहील तिथे माणूस ठेवायचा, आजीला विचारायचे, की तुमच्या दौऱ्याची तारीख हलवायची, हे दोघांनी मिळून ठरवायचे. कदाचित ते चिडतील. कदाचित भराभर सगळीकडे स्वतःचे नाव लिहून टाकतील, आणि मग पहिल्याच महिन्यात त्यातले निम्मे निसटेल. तसे झाले तर तोच कागद पुन्हा काढून बसा.

बढती घ्यावी का, हे तुम्ही सरळ विचारलेले नाही. मुलीचे, नवऱ्याचे, मासिकाचे, त्या बाईंचे, सगळ्यांचे काय होईल ते पाच पानांत आहे. ‘मला हे पद नको आहे’ असे मात्र कुठेही नाही. म्हणून माझे मत घ्यावी असे आहे, दौऱ्यांचे उत्तर अगदीच वाईट आले नाही तर.

होकार कधीपर्यंत कळवायचा, ती तारीख तुमच्या पत्रात नाही. आज ती बघून घ्या. कॅलेंडर घेऊन बसायला वेळ पुरणार नसेल तर आठवडाभराची मुदत मागा, आणि ती लेखी मागा.